आईचा हिरवा चेहरा

२ सप्टेंबर, सोमवार

आज चहाच्या यंत्राने माझा जाहीर अपमान केला. ऑफिसात नवं मशीन बसवलंय. नुसता कप ठेवून भागत नाही. मोबाइलने त्याच्या पोटावरचा चौकोन स्कॅन करायचा, अकाउंट उघडायचं, पासवर्ड रचायचा. मग आपण चहाला पात्र आहोत की नाही ते यंत्र ठरवणार. माझ्या बाबतीत त्याचा निर्णय होईना. मागे रांग. शेवटी वॉचमनच्या थर्मासातला घोटभर चहा घेतला. याला पराभव म्हणत नाही. मी उपकरणाची चाचणी घेत होतो.

तोच तर माझा धंदा. आमची संस्था आरोग्याच्या डिजिटल साधनांवरच्या संशोधनाला निधी देते. अटी दोनच. साधन उपयोगी पडतं याचा पुरावा हवा, आणि ते गरीब, म्हातारे, कमी शिकलेले, सगळ्यांच्या उपयोगी पडायला हवं. महिनाअखेर समितीपुढे हृदयरोग्यांच्या एका ॲपची शिफारस मांडायची आहे. मांडणार मी. पुरावा म्हणजे प्रमाण, आणि न्यायदर्शनातल्या प्रमाणविचारावर मी तरुणपणी पुष्कळ तेल जाळलंय. उगाच नाही ऑफिसात मला शास्त्रीबुवा म्हणत.

संकल्प : शिफारस शुक्रवारपर्यंत लिहून मोकळं व्हायचं.

४ सप्टेंबर, बुधवार

ॲप अत्यंत सुबोध. रोज सकाळी विचारतं, आज कसं वाटतंय? खाली पाच चेहरे, रडक्या लालपासून हसऱ्या हिरव्यापर्यंत. एक दाबायचा. लाल दाबला की दवाखान्यातून सिस्टरचा फोन येतो.

चाचणीसाठी रुग्ण शोधत हिंडावं लागलं नाही. ऑफिसातल्यांचेच हृदयरोगी आईवडील घेतले. समतेचा प्रश्न ड्रायव्हरच्या वडिलांना घेऊन निकालात काढला. माझी आईही आहे. पहिल्या दिवसापासून अखंड हिरवी.

दुपारी आकडेबाई आल्या. या आमच्या संख्याशास्त्रज्ञ; वयाने माझ्या निम्म्या, शंकांनी दुप्पट. म्हणाल्या, शास्त्रीबुवा, एवढे हृदयरोगी आणि एकालाही एक दिवस बरं वाटेनासं होत नाही? ही चाचणी आहे की स्वर्ग? मी म्हटलं, यालाच यश म्हणतात. त्या म्हणाल्या, दोनचार घरी जाऊन बघून या, मग काय म्हणायचं ते म्हणा.

संकल्प : दोनचार घरी जाणे.

७ सप्टेंबर, शनिवार

जाणारच होतो. नवे बूट चावतात. जुने दुरुस्तीला. म्हणून ड्रायव्हरला फोन केला. वडील एकदम मजेत आहेत साहेब, म्हणाला. आवाजात कमालीचा आदर. पुरावा भक्कम.

संध्याकाळी बायको म्हणाली, अहो, आई हल्ली जिन्यात मध्येच थांबतात. मी म्हटलं, खिडकीतून बाहेर बघत असेल. म्हणाली, तिथे खिडकी नाही.

मग तिला आलेख उघडून दाखवला. हिरवा. समजावून सांगितलं की प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, कुणाचं तरी सांगणं हे फार मागून येतं, आणि आलेख म्हणजे जवळपास प्रत्यक्षच. तिने विचारलं, आणि आईंकडे बघणं, ते कितव्या नंबरावर? मी आलेख आणखी मोठा करून दाखवला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

शिफारस झाली नाही. शीर्षक झालं. चांगलं झालंय. पूर्वीही चांगलंच होतं, पण आता लांब आहे.

दमायला होतं. काही न करताही इतकं दमायला होतं, यावर कुणीतरी संशोधन करावं. निधी मिळवून देईन.

१८ सप्टेंबर, बुधवार

बायकोची नवी तक्रार : आईंच्या पायात चपला शिरत नाहीत. मी म्हटलं, आटल्या असतील. चपला आटत नाहीत म्हणे. आईलाच विचारलं. म्हणाली, काही नाही रे, उकाड्याने होतं असं. बाहेर चार दिवस पावसाची झड, हवेत गारठा. पण खुद्द रुग्णाने सांगितलं, विषय संपला.

बायको तव्याकडे बघत म्हणाली, तुम्हा मायलेकांना एकाच साच्यातून काढलंय. स्तुती असावी.

२५ सप्टेंबर, बुधवार

समितीपुढे बोललो. उत्तम झालं. शिफारस काल बसून एकदाची लिहिली. घाईत प्रतिभा फुलते. शेवटी आईचा आलेख पडद्यावर लावला, सरळ हिरवी रेघ, आणि म्हटलं, ही माझी जन्मदात्री. संचालकबाईंचे डोळे पाणावले. एसीनेही असेल.

सगळं आटोपत असताना आकडेबाईंनी हात वर केला. तुमच्या आई चेहरा निवडतात कशा, ते तुम्ही शेजारी बसून बघितलंय का? मी म्हटलं, अर्थात.

बघितलेलं नाही. उद्या बघतो. म्हणजे आजचं उत्तर पूर्वलक्षी प्रभावाने खरं होईल. मंजुरीची सही सोमवारी.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आईजवळ जाऊन बसलो. तिला आश्चर्य वाटलं. ऑफिसला सुट्टी का रे, विचारलं.

फोनवर ॲपची घंटी वाजली. तिने न वाचता हिरवा चेहरा दाबला. मी म्हटलं, वाच तरी. म्हणाली, वाचायचं काय त्यात, रोज तेच तर विचारते ती. ती कोण? अरे, फोनमधली. बिचारी न चुकता चौकशी करते. सकाळी सकाळी कुणी कशी आहेस विचारलं तर बरी आहे म्हणावं, गाऱ्हाणी काय मांडायची?

मी म्हटलं, पण त्रास होत असेल तर लाल दाबायचा. त्यासाठीच तो आहे. तर माझ्याकडे बघून हसली. शहाणाच आहेस. तूच आणलेलं काम, आणि तुझ्याच आईने लाल दाबायचा? ऑफिसात तुझी काय अब्रू राहील? आणि नुसती मीच नाही हो. बाकीच्यांनाही फोन करून सांगून ठेवलंय, मुलांच्या नोकरीचा प्रश्न आहे, हिरवाच दाबा म्हणून. ड्रायव्हरचे वडील लाल दाबायला निघाले होते. मीच थांबवलं.

हे सगळं एका दमात बोलली नाही. तीन-चार शब्द, की थांबायची. मी ते ऐकत होतो. याआधीही ऐकलं असणार.

पलंगावर उशांची चळत होती. बायकोने सांगितलं, आडव्या झाल्या की गुदमरतात, बसूनच झोपतात. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. ती उशा सारख्या करत राहिली. म्हणजे सांगितलं होतं.

ड्रायव्हरला फोन करून म्हटलं, वडिलांना घेऊन आजच्या आज दवाखान्यात जा. आईसाठी आपल्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरांनी आईला विचारलं, काय होतंय? आई म्हणाली, काही नाही, हा उगीच घेऊन आला. त्यांनी पायावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेना. छाती बराच वेळ ऐकली. पाणी साठलंय म्हणाले. घरी सोडलं नाही.

दवाखान्याच्या बाकावरून संचालकबाईंना मेसेज केला : सही करू नका, पुरावा खोटा आहे, तो आमच्याच आईवडिलांनी आमच्यासाठी केलाय. त्यांचं उत्तर लगेच आलं. ते राहू दे, आई कशा आहेत?

बरी आहे, असं लिहिलं. मग खोडलं.

आईला धाप लागते. कधीपासून, ते मला माहीत नाही. फार उशीर तर केला नाही ना मी, याची भीती वाटतेय. बाकी कशाची नाही.