मी त्याला बसवलं

अहो,

'प्रिय' लिहिलं होतं, पण खोडलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही. आता तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाल्यावर सुरुवात केली तर तुम्हीच दचकाल.

आज मंगळवार. अकरा वाजता निखिलला त्याच्या युनिव्हर्सिटीत बोलावलंय. नोकरी राहते की जाते, ते आज कळणार. तो तिकडे, दोन तासांच्या अंतरावर, आणि मी इथे रिचमंड हिलच्या घरात फोनपाशी. देवपूजा झाली, भाजी चिरून झाली, बेसमेंटमधल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालून झाल्या. मग म्हटलं, तुम्हालाच लिहावं. दुसरं कोण ऐकून घेणार माझं?

कुठली युनिव्हर्सिटी, ठाऊक आहे? तीच! जिचं माहितीपत्रक तुम्ही प्लॅस्टिकचं कव्हर घालून जपलं होतं. जिचा फॉर्म पोराच्या ऐवजी तुम्हीच भरलात. आणि जिच्याकडून पातळसं पाकीट आलं, तेव्हा ते न उघडताच तुम्ही म्हणालात, "नाही म्हणतायत." निखिलचे मार्क कमी पडले होते. फुटबॉलने मार्क खाल्ले, असं तुमचं ठाम मत. त्यानंतर किती महिने तुम्ही त्याच्याशी कामापुरतं बोलत होतात!

त्याच युनिव्हर्सिटीने त्याला यंदा मानाने बोलावून घेतलं. फुटबॉलचा हेड कोच म्हणून! तुम्ही असता तर काय केलं असतंत हो? हसला असतात? की पुन्हा तेच, "चेंडू हातात धरून पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात, या लोकांच्या डोक्यात प्रकाश कधी पडायचा!"

तुम्ही वाईट नव्हतात, हे मी कुणालाही सांगेन. सकाळी सहाला, बर्फ शोव्हल करून, तुम्हीच त्याला सरावाला सोडायचात. पण गाडीतून कधी उतरला नाहीत. काच वर करून पेपर वाचत बसायचात. दोन बॅगा आणि एक डिग्री घेऊन आपण या देशात आलो. त्यातली डिग्री तेवढी कामाला आली, हे तुम्ही विसरू शकला नाहीत. मला ते तेव्हाही कळत होतं. पण पोराला कोण समजावणार?

मीच समजावत होते. कसं, ते आता ऐका. रागवायचं असलं तर रागवा.

त्याआधी शनिवारचं सांगते. शुक्रवारी निखिलचा फोन आला. त्याचा सगळ्यात चांगला खेळाडू म्हणजे जेकब, क्वार्टरबॅक, ज्याच्या हातून सगळा खेळ सुरू होतो तो. त्या जेकबच्या केमिस्ट्रीच्या मिडटर्मची काहीतरी भानगड झाली होती. निखिल घाईत होता. म्हणाला, "आई, मी त्याला बसवलं." आणि फोन ठेवला.

मी काय समजले असेन? परीक्षेला बसवलं! दुसरं काय समजणार? आपल्यात माणूस परीक्षेला बसतो, नाहीतर बोहल्यावर.

शनिवारी मंडळाची कोजागिरी होती, संध्याकाळी सहालाच, कारण शाळेचा हॉल नऊला रिकामा करून द्यायचा असतो. तिथे मसाला दूध ढवळता ढवळता मी कुंदाताईंना ऐकवलं, "आमचा निखिल कोच असला तरी अभ्यास आधी हो! मॅच तोंडावर असताना पोराला परीक्षेला बसवलं त्याने." चार बायका माना डोलवत होत्या. मी तर हवेतच! कुंदाताईंचा समीर त्याच युनिव्हर्सिटीत शिकलेला. तो कप हातात धरून म्हणाला, "काकू, नो नो. ही सॅट हिम. म्हणजे बेंचवर बसवलं. खेळवलंच नाही त्याला. अँड वी गॉट किल्ड टुडे. होमकमिंगला!"

होमकमिंग म्हणजे तिथून शिकून गेलेले सगळे जण ज्या मॅचला परत जमतात ती. वर्षानुवर्षं हरणारी टीम यंदा कुठे जिंकायला लागली होती, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सपाटून हरली. जुन्या विद्यार्थ्यांनी ईमेलचा पाऊस पाडलाय म्हणे. आजची मीटिंग त्यावरूनच. मी दुधाचा डाव तसाच सोडून वॉशरूममध्ये गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

रविवारी निखिल जेवायला आला. चेहरा एवढासा झालेला. मी पोळी वाढत विचारलं, "का रे बसवलंस?"

"त्याने मिडटर्म स्किप केली, आई. फिल्म बघत बसला होता, दुसऱ्या टीमच्या मॅचेसची. मला मॅच जिंकून द्यायची म्हणून. ही डिड इट फॉर मी."

"मग तुझ्यासाठीच केलं ना बिचाऱ्याने? एकदा सोडून द्यायचं."

"म्हणूनच नाही सोडलं. समरमध्ये मी या मुलांच्या घरी गेलो होतो. किचनमध्ये बसून त्यांच्या आयांना प्रॉमिस केलंय की फुटबॉलमुळे डिग्री जाणार नाही. जेकबच्या आईलापण."

मी पुढची पोळी टाकायची विसरले. तवा धुरावला. मग त्याने मान खाली घालून विचारलं, "बाबा काय म्हणाले असते?"

आणि मी सवयीने बोलून गेले, "खूश झाले असते."

तो हसला हो! "आई, यू ऑलवेज से दॅट. एडमंटनला मी असिस्टंट कोच होतो, पहिली मॅच जिंकली, तेव्हा फोनवर पण तू हेच म्हणालीस. बाबा खूप खूश आहेत. मागून मला त्यांचा आवाज येत होता. ते म्हणत होते, भाजीत मीठ कमी आहे."

इतकी वर्षं त्याला माहीत होतं! आणि मी शहाणी, तुम्हा दोघांमध्ये निरोप्याचं काम करत बसले. त्याला सांगायचे, बाबा कौतुक करत होते. तुम्हाला सांगायचे, निखिल तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होता. त्याने एकदाही केली नव्हती. आज सांगून टाकते. दोघांच्या वतीने मी बोलले, आणि तुम्ही दोघं मात्र एकमेकांशी बोलायचे राहूनच गेलात. हे माझ्या हातून चुकलं. मी मध्ये नसते, तर एखाद्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं असतं. कदाचित मग गाडीतून उतरलाही असतात तुम्ही.

पण खरी चूक त्याच्याही पुढची. हसून झाल्यावर त्याने विचारलं, "ओके, बट व्हॉट डू यू थिंक? तुला काय वाटतं?" आणि मी दही आणायला उठले! चौतीस वर्षांच्या पोराने पहिल्यांदा मला माझं मत विचारलं, आणि मी फ्रिजचं दार उघडून उभी राहिले. मला खरंच सुचेना. तुमच्या तोंडून बोलायची इतकी सवय झाली होती की माझं असं वाक्यच सापडेना. परत आले तोवर तो हात धूत होता.

पावणेबारा झाले. आता केव्हाही फोन वाजेल.

तुम्हाला शब्द देते. नोकरी राहिली असो वा गेली असो, आज मी 'बाबा असते तर' म्हणणार नाही. मी म्हणेन, "निखिल, तू बरोबर केलंस. मला तुझा अभिमान वाटतो. मला, तुझ्या आईला." त्याला हे इंग्रजीतून सांगायला लागलं तरी चालेल, मी सकाळपासून पाठ करतेय.

तुम्हाला त्याच्याबद्दल जे काय वाटत असेल, ते तुमचं तुम्ही त्याला कळवा. माझ्याकडून निरोप बंद.

तुमची,
सुलभा