फिरायला जायच्या जागा

अकोला,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गीतांजलीस वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'बरं आहे ताई' म्हणतेस आणि ठेवून देतेस. श्यामला लावला तर दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणतो. म्हणून कागद घेतला. सख्ख्या भावाला आणि भावजयीला पत्र लिहायची पाळी आणलीत.

गार्गीला जाऊन दोन महिने झाले. चार वर्षांचं लेकरू तापानं दवाखान्यात गेलं ते परत आलंच नाही, त्यावर मी काय समजूत काढणार? पण दिवाळीत आले तेव्हा पाहिलं. श्याम समोरच्या खोलीत जेवतो, तू स्वयंपाकघरात. टीव्ही बंद, बोलणं बंद. अमरावतीच्या राजापेठेतल्या एवढ्या गोंगाटात तुमच्या दोन खोल्या मला विहिरीसारख्या वाटल्या.

माझं एक ऐक. रविवारी दुकान बंद असतं. दोघंच बाहेर पडा. दवाखान्यानं हात रिकामे केलेत, ठाऊक आहे, म्हणून फुकटातल्या जागा सांगते. वडाळी तलावावर जा, घरूनच मुरमुऱ्याचा चिवडा न्या. एखाद्या रविवारी छत्री तलाव. नाहीतर अंबादेवीचं दर्शन घ्या आणि बाजारातून काही न घेता पायी घरी या. लग्नानंतर आमच्या ह्यांनी मला अकोल्याच्या फलाटावर गाड्या पाहायला नेलं होतं. दोघांत एक आलुबोंडा. मोठा तुकडा ह्यांनीच खाल्ला, अजूनही तेच खातात.

जाऊन आलात की कळव. माझ्यावरची माया अशीच असू दे.

तुझी,
वच्छलाताई

*

अमरावती,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वच्छलाताईंना गीतांजलीचा सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून रविवारी वडाळीला गेलो. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटलं, आज काही बोलतील.

ताई, तिथं पाय ठेवायला जागा नव्हती आणि जिकडे पाहावं तिकडे पोरं. घसरगुंडीवर, पाण्याच्या काठाला, बापांच्या खांद्यावर. एक बाई जरीची साडी नेसून आली होती. तिच्या बाळाचा पहिला वाढदिवस होता. तिनं यांना त्यांचा फोटो काढायला सांगितला. यांनी काढला. मोबाईल परत घेताना तिनं हसून विचारलं की तुमची लेकरं कुठं खेळून राहिली.

हे म्हणाले, "नाही जी, आम्हाले लेकरू नाही."

अगदी सहज म्हणाले. मग तिला फोटो हललेला वाटला म्हणून दुसराही काढून दिला. मी चिवड्याचा डबा धरून तिथंच उभी होते.

घरी आल्यावर मी विचारलं, असं काहून म्हणाले, कशासाठी? ते म्हणाले की मग काय सांगायचं होतं. चप्पल घातली आणि बाहेर निघून गेले.

ताई, तुम्ही सांगितलेल्या सगळ्या जागा पोरांच्याच आहेत. ज्यांच्याजवळ पैसा नसतो ते लेकरं घेऊन तिथंच येतात. आम्हीही गार्गीला तिथंच नेत होतो. एवढं तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

उद्या मी चांदूर रेल्वेला आईकडे जाते. किती दिवस ते माहीत नाही. रागानं लिहिलं असेल तर माफ करा, पण मला आपलं म्हणणं सोडू नका.

आपली,
गीतांजली

*

अमरावती,
२५ नोव्हेंबर २०२४

ताई, नमस्कार.

गीतानं तुले लिहिलं हे मले माहीत आहे. पाकीट मीच पेटीत टाकून आलो. आत काय असेल तेही माहीत होतं.

मले लिहिता येत नाही नीट, पण एकदा सांगतो. त्या बाईचं लेकरू एक वर्षाचं झालं होतं. तिले मी काय सांगू, की आमची होती आणि मेली? तिनं लेकराले घट्ट धरलं असतं अन् आमच्यापासून दूर सरकली असती. दुकानात गिऱ्हाईकं तशीच सरकतात, मी पाहून राहिलो रोज. म्हणून तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर समजलं मी काय बोललो. गीताकडे पाहायची हिंमत झाली नाही, म्हणून दुसरा फोटो काढत बसलो.

हे तिले सांगता आलं नाही. तू सांग, नाहीतर नको सांगू. घरी दोन पोळ्यांची कणीक भिजवतो, तीही उरते.

आम्हाले आता फिरायच्या जागा नको सुचवू. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
श्याम

*

अकोला,
२ डिसेंबर २०२४

चि. सौ. गीतांजलीस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, माझ्या लक्षात कसं आलं नाही. नाहीच आलं. औषधाची गोळी द्यावी तशा मी जागा सांगत बसले.

श्यामचं पत्र सोबत ठेवते आहे. त्यानं सांग म्हटलं आहे आणि नको सांगू असंही म्हटलं आहे, तेव्हा मी तुझ्या हातीच दिलं. वाचून तुझा राग गेला नाही तरी मी तुला काही म्हणणार नाही. बहीण आहे म्हणून त्याची वकिली करणार नाही.

परत जा असंही म्हणत नाही. फक्त एकदा त्याला भेट. कुठं, ते या वेळी तू ठरव. मी जीभ आवरून बसते. आमचे हे म्हणतात, तेवढंच मला अवघड जातं.

तुझ्या आईला नमस्कार. माझ्याशी अबोला मात्र धरू नकोस.

तुझी,
वच्छलाताई

*

चांदूर रेल्वे,
१७ डिसेंबर २०२४

ती. सौ. वच्छलाताईंना सा. न. वि. वि.

भेटलो. जागा मी ठरवली. मी यांना फोन करून एवढंच सांगितलं की मला गार्गीची जागा दाखवा.

तुम्हाला माहीतच आहे, लहान लेकरू म्हणून तिला अग्नी दिला नाही, तुमच्या माहेरगावी, चांदूर बाजारकडे, नाल्याकाठी पुरलं. पुरुष घेऊन गेले. मला उंबरठ्यावर बायांनी धरून ठेवलं होतं. माझं लेकरू कुठं आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

रविवारी हे अमरावतीच्या स्टँडवर उभे होते. तिथून चांदूर बाजारची एसटी धरली. माझं अर्धं तिकीट, यांचं पूर्ण. गावात न शिरता शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानंच नाल्यावर गेलो.

पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत आता वाळून आडवं पडलं आहे. निंबाच्या झाडापासून बाभळीपर्यंत सगळीकडे सारखेच दगड, कुठला कुणाच्या खुणेचा ते कळेना. हे एका ठिकाणी थांबले, मग दुसऱ्या. हातानं गवत बाजूला करत गेले. खूप वेळ. शेवटी खालीच बसले आणि म्हणाले, "गीता, मले जागा सापडूनच नाही राहिली." त्या दिवशी गावातल्या तुमच्या बुधाजी काकांनी सगळं केलं, यांना फक्त मूठभर माती टाकायला लावली, डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, असं सांगत लहान पोरासारखे रडले.

मी काकांना विचारून येऊ म्हटलं. गावात त्यांच्या घरी गेलो तर कळलं की दिवाळीनंतर झटका आला तेव्हापासून त्यांनाच माणसं ओळखू येत नाहीत. त्यांच्या सुनेनं निंबाच्या पलीकडे असं हात करून दाखवलं. तिनंही पाहिलेलं नाही.

मग आम्ही निंबाच्या पलीकडे बसलो. यांना वाटतं जागा पाण्याच्या बाजूला आहे, मला वाटतं वर, कारण काका पाण्याजवळ पुरू देणार नाहीत. त्यावरून आम्ही वाद घातला. उन्हं उतरेपर्यंत घातला. तिला ताप चढला त्या रात्रीपासूनचं सगळं त्यात निघालं, जे घरात एकदाही निघालं नव्हतं. मी यांना नको ते बोलले. त्यांनीही मला बोलून घेतलं.

परतताना घरी चल असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. मला चांदूर रेल्वेच्या गाडीत बसवून दिलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

वडाळीचं मी विसरलेले नाही. पण येत्या रविवारी ते विळा घेऊन येणार आहेत, मी जेवण बांधून नेते. आधी गवत काढायचं ठरलं आहे. निंबापासून सुरुवात करू.

आम्हा दोघांनाही तुमच्या मनात जागा असू द्या.

आपली,
गीतांजली