रंगूबाईंचा हिरवा रणगाडा

मी, वर्षाराणी विकास बाजड, वय अठ्ठावन्न, धंदा पूर्वी व्हिडिओ गेम व संगणक केंद्र, सध्या काही नाही, राहणार रिसोड, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी दडपण आणलेलं नाही. आणायला घरात दुसरं कुणी नाही.

कलम १. बसस्टँडमागचं घर माझे पती कै. विकास यांनी हयातीतच माझ्या नावावर करून दिलं. ते माझ्या पश्चात माझी एकुलती मुलगी साधना हिला मिळावं. ती कॅनडात गेम बनवणाऱ्या कंपनीत असते. ती हे घर विकेल हे मी जाणते. खुशाल विकावं. फक्त घेणाऱ्याला सांगावं की पुढच्या खोलीत एके काळी पाय ठेवायला जागा नसायची.

लग्नानंतर काही वर्षांनी विकास अकोल्याहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आले. गावात असं यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या मालेगावहून पोरं बसने खेळायला यायची. मग संगणक आला, आधी नुसती काळ्या पडद्यावर अक्षरं, पुढे रंग आणि माउस. पुढे फोनच्या तारेवरून इंटरनेट आलं; लागण्याआधी ते किंचाळायचं. दहावीचा निकाल लागला की रांग रस्त्यावर जायची, आणि पास झालेल्यांच्या पेढ्यांचा चुरा आमच्या कीबोर्डवर सांडायचा.

कलम २. तिन्ही जुने संगणक भंगारात द्यावेत. ते सुरू होत नाहीत. यात कुणी भावनेला जागा देऊ नये.

कलम ३. विकास गेले, त्यांच्या तेराव्यानंतर माझे दीर पवन यांनी पुढच्या खोलीला आपलं कुलूप लावलं. म्हणाले, "वहिनी, लोकं हासून राह्यले. विधवा बाई पोरायले गेम खेळवते म्हंते. आता हे बंद." मी पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणून भर दुपारी, लोकांदेखत ते कुलूप फोडलं. त्यानंतर पवनभाऊ माझ्याशी बोलेनासे झाले. ते फुटकं कुलूप कपाटात आहे. ज्याचं त्याला परत द्यावं.

कलम ४. कुलूप फोडलं त्याच संध्याकाळी माझ्या सासूबाई, रंगूबाई, काठी टेकत पुढच्या खोलीत आल्या. मला वाटलं, आता मुलाची बाजू घेऊन भांडतील. त्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मले बी दे तो दुसरा रिमोट. कसा चालते हा?"

तो रणगाड्यांचा खेळ होता. खाली विटांच्या आड एक पाखरू असतं. शत्रूपासून ते दोघांनी मिळून वाचवायचं. पिवळा रणगाडा माझा, हिरवा त्यांचा. "तू जाय पुढं, मी पाखराजोळ थांबतो," त्या म्हणायच्या आणि खरंच जागच्या हलायच्या नाहीत. पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला आणि पोरं यायची थांबली. एक दिवस मी शटर वर केलं आणि दिवसभर कुणीच आलं नाही. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "काहून रडतं? लाव ना आपला." मग गिऱ्हाईक नव्हतं तरी आम्ही दोघी रोज खेळायचो.

त्या गेल्यावरही मी दोन जणांचाच खेळ लावते. हिरवा रणगाडा पाखराजवळ नुसता उभा राहतो. त्याचे तिन्ही जीव उभ्या उभ्या संपतात. मग मी एकटी खेळते.

मागच्या पोळ्याला पवनभाऊ दारात आले. किती वर्षांनी आले. टीव्हीकडे बघत म्हणाले, "आई कोणता चालवे?"

"हिरवा."

ते दारातच उभे राहिले. बसा म्हणायला मला सुचलं नाही, याचं वाईट वाटतं. सबब तो व्हिडिओ गेम दोन्ही रिमोटसह पवनभाऊंना द्यावा. बटणं घट्ट झाली आहेत, जोराने दाबावी लागतात.

कलम ५. सासूबाईंच्या अंत्यविधीला साधनाला सुट्टी मिळाली नाही. कुणीतरी तिला मोबाईलवर सगळं दाखवत होतं. सरण पेटायच्या आधी नेटवर्क गेलं आणि रडता रडता तिचा चेहरा पडद्यावर तसाच थिजला. धरणाऱ्याने फोन खिशात टाकला. मी ते पाहिलं, पण तिला आजवर सांगितलं नाही.

म्हणून माझी शेवटची इच्छा स्पष्ट लिहिते. माझा अंत्यविधी कुणीही मोबाईलवर धरून दाखवू नये. साधनाला येता आलं तर तिने यावं, माझ्या कपाळावर हात ठेवावा. तिच्यासाठी एक दिवस थांबावं, त्याहून जास्त नाही. ती नाही आली तर तिला कुणी बोल लावू नये. मी लावत नाही.

हे पत्र मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं व त्यांच्या समक्ष सही केली.

सही: वर्षाराणी विकास बाजड

साक्षीदार:
१. भागवत गरकळ, मोटारसायकल मेकॅनिक, रिसोड (सही)
२. सुकेशनी खिल्लारे, अंगणवाडी सेविका, रिसोड (सही)

ठिकाण: रिसोड
दिनांक: १४ डिसेंबर २०२४