गेस्टमध्ये

प्रिय सुनंदा,

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. अक्षरं मोठी आहेत आणि ओळी वाकड्या, हसू नकोस. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू बोलतेस तेव्हा तिकडे आपली लेक ऋजुता बाळाला घेऊन मागे उभी असते आणि इकडे सूनबाई कुकर लावता लावता कान देते. त्यात माणूस काय बोलणार? जेवलात का, जेवलो. बस.

मला या घराची आता किळस येते. सुशांत आणि कस्तुरी, नवरा-बायको दोघांचंही ऑफिस घरातच. सुशांत नाश्ता लॅपटॉपवरच करतो. बटणांच्या फटींत शेव अडकलेली, वर पोह्यांच्या तेलाचे डाग, आणि त्याच बटणांवर दिवसभर बोटं. कानात बोंडं असतात. मी काही विचारायला गेलो की हातानेच थांबवतो, दारातली गाय हाकलावी तसा.

तू नाशिकला गेल्यावर त्याने मला एक गोष्ट मात्र बरी शिकवली होती, फोनमधलं चित्र टीव्हीवर घ्यायची. दुपारी तुझा फोन आला की मी तुला भिंतीवरच्या टीव्हीवर घेत असे. टिकली, नाकातली चमकी, बाळाने ओढून सैल केलेला अंबाडा, सगळं दिसायचं. एवढी मोठी करून काय बघता, मी काय पिक्चर आहे का, असं तू म्हणायचीस.

मग एका दुपारी तू बोलता बोलता मधेच थांबलीस. तोंड उघडं आणि त्यावर गोल चक्र फिरतंय. मी सातवी शिकलेला माणूस, जन्मभर पाणीपुरवठ्यात नर्मदेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. मला एवढंच ठाऊक की प्रेशर पडलं की लाइन जरा बंद ठेवायची, मग पाणी जोरात येतं. मी इंटरनेटच्या डब्याचं बटण बंद केलं आणि चहा पीत बसलो. आतून सुशांत धावत आला. मोठ्या साहेबांना काहीतरी दाखवत होता, अर्ध्यातच त्याचं व्हीपीएन तुटलं. व्हीपीएन म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंतची बंद नळी, असं मी समजतो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, यापुढे त्या डब्याला हात लावू नका." भाडेकरूला सांगावं तसं.

लगेच त्याने यतीन नावाचा इंटरनेटवाला बोलावला. गालात गुटखा. नवा डबा घराच्या मधोमध पाहिजे म्हणाला आणि ठेवला कुठे, तर तुझ्या देवघरावर! आपण खजरान्याच्या देवळातून आणलेला गणपती त्याच गुटख्याच्या बोटांनी बाजूला सरकवला. मी तीनदा पुसून घेतलं तरी वास येतोच. गणपतीच्या डोक्यावर आता दिवसरात्र निळे दिवे लुकलुकतात. मग त्याने लाइन फोडून दोन केल्या. एक ऑफिसची, तिचा पासवर्ड त्या दोघांकडे. दुसरीवर टीव्ही आणि माझा फोन. तिचं नाव इंग्रजीत होतं, म्हणून मी विचारलं काय लिहिलंय. "गेस्ट, अंकलजी. आता तुम्ही गेस्टमध्ये. टेन्शन मत लो."

गेस्टचा अर्थ मला येतो, सुनंदा. या घराची वीट न् वीट मी उभं राहून रचून घेतली आणि मीच पाहुणा. सुशांतला बोललो तर म्हणतो, बाबा, ते नुसतं नाव आहे.

नावाचं जाऊ दे. पण गेस्टमधल्या वस्तू एकमेकांना दिसत नाहीत. मुद्दामच तसं करतात म्हणे, पाहुण्यांनी एकमेकांच्या सामानात डोकावू नये म्हणून. फोन माझ्या हातात, टीव्ही नाकासमोर, आणि फोन म्हणतो टीव्ही सापडत नाही. रविवारी बघतो, असं सुशांत सांगतो आणि रविवारी झोपतो. तू म्हणशील, एवढ्यासाठी काय चिडायचं, फोनवर दिसतेच की मी.

दिसत नाहीस. फोनवर तू म्हणजे नुसता पांढरट धूर आणि त्यातून येणारा तुझा आवाज.

खजरान्याला जातो असं सूनबाईला सांगून मी एकटाच डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय. उजवा तर विटी लागल्यापासून नावालाच आहे, हे तुला माहीत आहे. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी ऑपरेशन. अगदी सोपं आहे म्हणतात. डॉक्टरला दोन डोळे आहेत, त्याला सोपंच वाटणार. सोबत घरचं कोणी तरी हवं. सुशांतला सांगितलं तर तो सुट्टी मागेल, आणि त्या दिवसाच्या गोंधळानंतर साहेब त्याला काय म्हणतील कोण जाणे. म्हणून हे पत्र. बाळ तुझ्यावर आहे, ऋजुताची नोकरी आहे, सगळं कळतं मला. तरी ये. पट्टी बांधायच्या आधी तुला एकदा जवळून बघून घ्यायचं आहे. फोनवर यातलं काही काढू नकोस, सगळे ऐकतात. फक्त एवढं विचार, "दळण आणलंत का?" मी समजेन, तू निघालीस.

तुझाच, तुझ्याच घरचा,
वासुदेव