ऋताचं पान मोठं

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. ऋताची शाळा सुरू. व्हॅनवाल्याने पाऊण वाजता गेटवर सोडली. वॉटरबॅग व्हॅनमध्येच राहिली, नेहमीप्रमाणे.
संध्याकाळी रेवती ऑफिसातून लेकीला न्यायला आली ती तोंड पाडून. सिनियर केजीच्या बाईंचं म्हणणं, ऋता एक ते शंभर घडाघडा म्हणते, पण सात मोठे की चार विचारलं की पंख्याकडे बघते. महिनाअखेरीला बाई पुन्हा विचारणार. नाहीच जमलं तर रेवती तिला दुपारी कांजूरमार्गला, स्वतःच्या ऑफिसजवळच्या डे-केअरमध्ये घालणार. तिथे अभ्यास घेतात म्हणे. म्हणजे माझ्याकडे यायचं बंद.
म्हटलं, महिनाभर आजोबावर सोड. विमा कंपनीत जन्मभर क्लेम्स बघितलेत. फुगवलेला आकडा मला वासावरून कळतो. एका पोरीला सात आणि चार समजावणं म्हणजे किस झाड की पत्ती.

४ नोव्हेंबर
पद्धत ठरली. पत्त्यांचा कॅट घ्यायचा. राजा, राणी, गुलाम बाजूला. एक्का म्हणजे एक. पानं अर्धी अर्धी वाटायची, दोघांनी एकेक उघडायचं, ज्याचं पान मोठं त्याने दोन्ही उचलायची. साधी, स्वस्त, शास्त्रशुद्ध. नाव दिलं अनंत-पद्धत. अनंत मीच.
रोज जेवणानंतर अर्धा तास. शिस्त कडक. लाड नाहीत.

५ नोव्हेंबर
पहिली तीन पानं तिची गेली. चौथ्याला खालचा ओठ बाहेर आला. पाचव्याला भोकाड.
या घरात मला रडणं नको. जुलैत जयंती गेली तेव्हा दिवस होईपर्यंत घरभर बायका रडत होत्या. मी नाही रडलो. सगळे म्हणाले, बायको गेली पण अनंतराव धीराचे. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. अजूनही वाटत नाही. चहा चहासारखा लागत नाही, एवढंच.
तर तोडगा काढला. ऋताला कच्चा लिंबू केलं. आमच्या लहानपणी लंगडी असो की पकडापकडी, सगळ्यात धाकट्याला कच्चा लिंबू करायचे. खेळायचं, पण आउट व्हायचं नाही. तिचं पान लहान निघालं तरी उचलणार तीच. तात्पुरती सवलत. सोमवारपासून बंद.

१० नोव्हेंबर, सोमवार
सवलत चालू. मध्येच काढून घेतली तर मुलांच्या मनावर परिणाम होतो. वाचलंय कुठेतरी.

१२ नोव्हेंबर
पद्धतीत सुधारणा. वाटतानाच दश्श्या, नव्व्या तिच्याकडे जातील असं बघतो. माझ्याकडे एक्के, दुर्र्या, तिर्र्या. आता सवलतीची गरजच पडत नाही, पोरगी नियमाने जिंकते.
आज एकही पान हरली नाही. प्रगती शंभर टक्के.

१५ नोव्हेंबर, शनिवार
आज ऋता नाही. अनंत-पद्धतीवर पुस्तिका काढायचा विचार. सोसायटीच्या हॉलमध्ये पालकांसाठी वर्कशॉपही घेता येईल. सेक्रेटरीला फोन केला. त्याने विचारलं, किती माणसं असतील. म्हटलं, सध्या एक.
हॉल देत नाही म्हणाला. मुलुंडची माणसं अल्पसंतुष्ट.

१८ नोव्हेंबर
वेग विलक्षण. आता ती पानांकडे न बघताच उचलते. तोंडी गणित म्हणतात ते हेच.
खेळून झाल्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पायाला मुंग्या आल्या. हलवला नाही. आज दिवसभरात तेवढंच काय ते जाणवलं.

२१ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरचा देवव्रत पाचला चहाला येतो. रिटायर्ड इंजिनिअर. आज रेवतीला उशीर होता, म्हणून ऋता इथेच. त्याला प्रात्यक्षिक दाखवावं म्हणून म्हटलं, खेळ हिच्याशी एक डाव.
त्याने उघडली नव्वी, तिने चव्वी. तिने दोन्ही उचलली. तो म्हणाला, अगं, हे काय? ती म्हणाली, माझं मोठं असतं. पुढच्या पानालाही तेच. देवव्रतने पत्ते खाली ठेवले आणि मला म्हणाला, अरे, वाट लावलीस तू पोरीची. एकदा हरू दे ना तिला, यार!
याचा मुलगा कॅनडात, नातू व्हिडिओ कॉलवर. याला काय कळणार. पोरीचा आत्मविश्वास नाही दिसला त्याला. उद्यापासून चहात साखर कमी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
बाईंनी विचारलं. एक कार्ड स्वतःपुढे ठेवलं, एक ऋतापुढे. बाईंचे नऊ, ऋताचे दोन. कोणतं मोठं? ऋता म्हणाली, माझं. बाईंनी कार्डांची अदलाबदल केली. आता? माझं. असं कसं गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, आबाकडे असंच असतं.
रेवती हे सांगताना हसत होती. मग हसायची थांबली. म्हणाली, बाबा, तुम्ही नक्की काय शिकवलंत तिला?
मी म्हटलं, दोनातलं एक उत्तर बरोबर आलं, म्हणजे पन्नास टक्के. जाताना चपला घालायला जरा जास्तच वेळ लावला रेवतीने.
मी आठवडाभराची मुदत मागून घेतली. पुढच्या शुक्रवारी ती स्वतः समोर बसून बघणार आहे. आठवडा म्हणजे भरपूर झाला. पाया पक्का आहे.

१ डिसेंबर, सोमवार
आजपासून सचोटी. पत्ते नीट पिसले. वाटताना डोळे मिटले.
तिची छक्की, माझी दश्शी. तिने सवयीने हात पुढे केला. मी पानांवर हात ठेवला. म्हटलं, थांब, मोज बरं. बोट ठेवून तिने बदाम मोजले. सहा. मग माझे किलवर मोजले. दहा. पुन्हा एकदा मोजले. आणि हात मागे घेतला.
कळलं होतं तिला. महिना घालवला त्यात जे झालं नाही ते एका पानात झालं. मी शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही. नुसतं बघितलं.
म्हटलं, पत्ते मळलेत गं, आज राहू दे. आणि तिला बिस्किट दिलं.

३ डिसेंबर
पत्ते अजून मळलेले.

५ डिसेंबर, शुक्रवार
रेवती हाफ डे घेऊन आली. सोफ्यावर बसली. मी पत्ते वाटले, अगदी प्रामाणिकपणे. पहिली दोन पानं ऋताची आली. झकास. तिसऱ्याला तिने पंजी टाकली. माझ्या गठ्ठ्यावर दश्शी.
काय झालं सांगता येत नाही. माझ्याच हाताने दश्शी मांडीखाली सरकवली आणि त्याखालची तिर्री उघडली. ऋताने दोन्ही पानं उचलली. रेवतीने बघितलं होतं.
ओरडली असती तर बरं झालं असतं. जवळ येऊन माझ्या मांडीखालून पान काढलं, कॅटमध्ये ठेवलं. म्हणाली, बाबा, सोमवारपासून दुपारी ती माझ्याकडे, डे-केअरला येईल. तुम्हालाही जरा आराम.
म्हटलं, मीच सुचवणार होतो.

८ डिसेंबर, सोमवार
आराम. पाऊण वाजता खाली गेटपर्यंत जाऊन आलो. जेवणाआधी चाललं की पचन सुधारतं.

१० डिसेंबर
पुस्तिकेचं काम हाती घेतलं. आता वेळच वेळ आहे. पहिल्या पानावर शीर्षक लिहिलं, खाली स्वतःचं नाव लिहिलं. मग बसून राहिलो. काय शिकवायचं ते माहीत आहे. पोराने मान वर करून बघितलं की काय करायचं, ते लिहिता येईना.

१२ डिसेंबर, शुक्रवार
दुपारी रेवतीचा फोन. लंच टाइममध्ये डे-केअरला गेली होती, तिथूनच केला. ऋताला लहान-मोठे आकडे जमायला लागले. तिथे दोन-दोन मुलांना उभं करतात, हातात एकेक कार्ड देतात. लहान आकडा असेल त्याने खाली बसायचं. म्हणजे माझीच पद्धत, फक्त उठाबशा जास्त.
विचारलं, बसावं लागलं की रडते का? रेवती म्हणाली, पहिल्या दिवशी खूप रडली. दुसऱ्या दिवशी थोडी. आता खाली बसते आणि म्हणते, परत.
म्हटलं, छान. आमच्याकडे कधी रडली नव्हती. रेवती म्हणाली, हो बाबा.
मग ऋताने फोन ओढून घेतला. खूप काही सांगितलं, निम्मं कळलं नाही, मागे पोरांचा गोंगाट होता. शेवटी म्हणाली, आबा, तू पण ये ना इथे. इथे हरलं तरी चालतं.
म्हटलं, बघतो. दुपारी वेळ काढणं जरा अवघड आहे.
फोन ठेवला. सव्वादोन वाजले होते. पाचला देवव्रत येईपर्यंत काहीच नव्हतं.