एक तास दहा मिनिटांचा फलक पुन्हा लावण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रवासी सूचना विभाग,
विमानतळ.

विषय: माझ्याच अर्जावरून बदललेला अंतर व वेळेचा फलक पूर्ववत करण्याबाबत.
संदर्भ: माझा मागील अर्ज व त्यावर आपण केलेली (अनपेक्षित) तत्पर कार्यवाही.

महोदय,

सविनय निवेदन करतो, की मी चष्म्याचा दुकानदार असून माझी आई आपल्या शहरात व मी विमानाने जावे लागते अशा दुसऱ्या शहरात राहतो. आपल्या प्रवेशद्वारावरील फलकावर या दोन शहरांच्या विमानतळांतील अंतर सहाशे किलोमीटर व वेळ एक तास दहा मिनिटे असे लिहिलेले होते. मला सोडायला आली असता आईने ते वाचले. ती नोकरीभर शाळेची घंटा वाजवत असे. वेळेच्या बाबतीत तिच्यापुढे थट्टा चालत नाही. त्या दिवसापासून माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागले.

"भाजी चिरायला घेतलीय, शिजेपर्यंत ये," असे फोन येऊ लागले. नळ गळतोय, ये. माळ्यावरचा डबा निघत नाही, ये. एकदा मी गमतीने "निघालो" म्हटले, तर ती बरोबर एक तास दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि शेजारच्या मावशींना म्हणाली, "उशीर विमानाला झालाय, पोराला नाही." माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, "आईसाठी तुला एक तास मिळत नाही का रे?" असे चारचौघांत सुनावले.

सबब मागील अर्जात मी टॅक्सी, रांग, तपासणी, बॅगेची वाट पाहणे व पुढची बस असा सगळा पाढा वाचून फलक दुरुस्त करण्याची विनंती केली. आपण ती मान्य करून नवा फलक लावला: "घर ते घर सुमारे नऊ तास." आपले आभार मानावेत तेवढे थोडेच, पण तिथेच पंचाईत झाली आहे.

गेल्या खेपेस आईने तोही फलक वाचला. चष्मा मीच बनवलेला, तेव्हा दोष तरी कोणाला द्यावा? मग माझी बॅग स्वतःच्या हातात घेऊन म्हणाली, "एवढा लांब असतोस होय रे? आणि मी मेली तुला डब्यासाठी बोलावते! आता जमेल तेव्हाच ये हो."

महोदय, तेव्हापासून ती बोलावत नाही. फोनवर तब्येत विचारते, "चल, तुझी गिऱ्हाइकं खोळंबली असतील," म्हणते आणि ठेवून देते. नळ अजून गळतोच आहे, हे अक्काकडून कळते. मला फार वाईट वाटते.

तरी विनंती, की जुना फलक लावावा. नियमात बसत असल्यास वरची दहा मिनिटेही काढून टाकावीत. उरलेल्या तासांचे मी बघून घेईन. येत्या शनिवारी मी बोलावणे नसताना जात आहे. रविवारी ती मला सोडायला येईल, तत्पूर्वी काम व्हावे.

आपला नम्र,
मागील अर्जाचाही अर्जदार
दिनांक: गुरुवार, टपाल निघण्यापूर्वी

सोबत: आईच्या डोळ्यांचा नंबर. अक्षरे त्या मानाने मोठी काढावीत. निरोपाच्या वेळी ती चष्मा काढून ठेवते.