पाइपचे शेअर

अमरावती, ८ सप्टेंबर २०२४

ती. माणिकबाईंच्या चरणी शकुनचा शि. सा. नमस्कार.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी अंबाडी निवडत होते आणि तुमचे भाऊ ओट्याशी बसून पेपर मोठ्यानं वाचत होते. व्याजदर, डिझेल, सरकारी रोख्यांचा भाव. मधेच मला अंबाडीच्या जुडीचा भाव विचारला. देशाच्या हिशेबात त्यांना तोही लागायचा. करोनाच्या धास्तीनं लोक मिळेल त्या किमतीला शेअर विकत होते. हे म्हणाले, रोखे मोडून पाइपच्या कंपनीचे शेअर घेतो. मी वेड्यात काढलं. हसून म्हणाले, गर्दी ज्या दारातून पळते, त्याच दारातून आपण आत जायचं.

परवा त्यांच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत मी बुंदी वाढत होते. गुरुजींपासून तुमच्या पिंटूपर्यंत सगळे शेअरचंच बोलत होते. रोख्यांचं नाव कुणीच काढलं नाही. हे असते तर भरल्या पानावरून उठले असते.

वर्षभर त्यांची पुस्तकं वाचली, निम्मी समजली. व्याज चढलेलं असताना जुने रोखे स्वस्तात पडून असतात, व्याज उतरू लागलं की तेच चढतात. म्हणून पाइपचे शेअर विकून रोखे घ्यावे म्हणते. पण त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्रानं विचारते.

लोभ आहेच, तो असू द्यावा.
शकुन


अकोला, १५ सप्टेंबर २०२४

चि. शकुनले अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुया नावामागं गं. भा. लिवायले अजून हात वळत नाही. नुसतं नाव टाकलं, राग मानू नोको.

शेअर काहून इकतं वं? पिंटू सांगून राहिला का दिवाळीपर्यंत दुप्पट होतीन. माया भावाचे कपडे वाटले, सायकल देल्ली, मी काही बोलली नाही. आता हे बी? तो लहानपणापासून असाच उलटा. जत्रेत सारे इकडं गेले का हा तिकडं. आमी रडून राहिलो का हा मागून येऊन उभा. आता कुठून येईन तो?

इकले तर अकोल्याले येऊ नोको. गुडघ्याले तेल लावत जा.

तुई माणिकबाई


अमरावती, २६ सप्टेंबर २०२४

ती. माणिकबाईंना शकुनचा शि. सा. नमस्कार.

जत्रेची गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. दोनदा वाचली, मग पुढचं वाचवेना.

बाई, मी शेअर विकले. आठवण म्हणून ते जपले असते, तर त्यांचं एवढंही ऐकलं नसतं. घेतलेल्या शेअरवर जीव लावायचा नाही, हे ते रोज सांगायचे. विकल्यापासून भाव वरच चाललाय. पिंटू हसेल, हसू द्या. तुमचे भाऊ बाजारातून नेहमी लवकर निघायचे. घरातूनही लवकरच निघाले.

येऊ नको म्हणालात तरी दिवाळीत येईन. तुमच्यासारखं त्यांच्यावर रागावणारं दुसरं कुणी उरलं नाही. दार उघडाल एवढा लोभ ठेवा.

शकुन

ता. क. केव्हा विकले ते लिहायचं राहिलं. तुमचं पत्र मिळालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी अंबाडी निवडली, पेपर मोठ्यानं वाचला आणि राजकमल चौकात दलालाच्या ऑफिसात जाऊन सही करून आले.